दिवसभर घरीच तर असता

पेणच्या विमल कर्णिक शाळेतून निवृत्त झाल्या, तेव्हा जो भेटेल तो विचारायचा, आता वेळ कसा जाणार. सारी नोकरी त्यांनी रोह्याच्या एका शाळेत भूगोल शिकवण्यात काढली होती. पहाटे उठून डबे, मग गाडी, मग वर्ग, मग परतीची गाडी. वेळ घालवायचा असतो, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

जवळच्या गडब गावात कर्णिकांची थोडी भातजमीन होती. घरातलं कोणी तिथे कधी उभंही राहत नसे. वाटेकऱ्याने भात काढलं की खाचर पावसाळ्यापर्यंत मोकळं पडायचं. विमलताईंनी त्या हिवाळ्यात तिथे वाल पेरला. शेजारच्या खाचरवाल्या धोंडुबाईंना सोबतीला घेतलं, पीक निम्मं निम्मं ठरवलं, आणि चार घरी वाटण्यापुरता वाल पहिल्याच वर्षी घरात आला. कर्णिकांच्या घरात वालाचं बिरडं म्हणजे सणच. पण बिरडं खाणाऱ्या त्या घरात वालाचा वेल कसा दिसतो हे धड कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यानंतर दर हिवाळ्यात विमलताई सकाळी सातच्या सुमारास गडबची गाडी धरायच्या आणि दिवेलागणीला परतायच्या. पायाला माती, केसांत हायवेची धूळ. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे कडकडीत पाण्याने अंघोळ.

त्यांचे यजमान गोपाळकृष्ण घरी असत. बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने मवाळ, गुडघ्यांनी अधू. थंडीत सांधे असे धरायचे की पलंगावरून उठताना भिंतीचा आधार लागायचा. सकाळी लवकर गरम पाण्याने अंघोळ करा, सांधे सुटतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अंघोळ आणि देवपूजा झाल्याशिवाय ते चहालाही शिवत नसत.

मुलगा यज्ञेश आणि सून अंतरा ऐरोलीला. यज्ञेशचं काम कॉम्प्युटरवरचं, आणि आईवडिलांची काळजीही तो बरीचशी तिथूनच करायचा. औषधं घरपोच, गॅस घरपोच. विमलताईंना त्याचं कौतुक होतं. दिवाळीत तो आला, तेव्हा गल्लीत वीज कंपनीचे नवे मीटर नुकतेच बसले होते. या मीटरवर ग्राहकाला दोन पर्याय होते. एक, पूर्वीसारखा सरसकट दर. दुसरा, वेळेप्रमाणे दर, म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज स्वस्त, आणि पहाटे व दिवेलागणीनंतर महाग. यज्ञेशने बाथरूमच्या बाहेर एक पांढरं बटण बसवलं. काय आहे विचारलं तर म्हणाला, "गीझरची सेफ्टी, आई."

तो गेल्यावर चारआठ दिवसांत विमलताईंना संध्याकाळी पाणी कोमट लागायला लागलं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, जगनला बोलवा. गीझर बिघडलाय." जगन म्हणजे त्यांचा नेहमीचा वायरमन.

"पाहतो," गोपाळकृष्ण म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. सकाळची अंघोळही ते पुढे ढकलायला लागले. "थंडी आहे, ऊन आल्यावर करतो. तू नीघ."

एका सकाळी विमलताई गडबला पोचून वेलांत उतरल्याच होत्या, तोच शेजारच्या इंदुबाईंचा फोन आला. गोपाळकृष्णांच्या पायावर उकळतं पाणी सांडलं होतं.

मिळेल ती मिनीडोर पकडून त्या परतल्या. इंदुबाईंनी तोवर गोपाळकृष्णांना डॉक्टरकडे नेलं होतं. पाऊल घोट्यापासून बोटांपर्यंत भाजलं होतं. विमलताईंनी दवाखान्यात जाऊन त्यांना रिक्षाने घरी आणलं. पाय उशीवर ठेवून झाला, गोळी देऊन झाली, मग त्यांनी खुर्ची ओढली.

"गीझर असताना गॅसवर पाणी का तापवलंत?"

 गोपाळकृष्णांनी छताकडे पाहत हळूहळू सगळं सांगितलं. यज्ञेशने वेळेप्रमाणे दराचा पर्याय घेतला होता. ते पांढरं बटण तो त्याच्या फोनवरून चालवायचा. नऊच्या आधी आणि पाचच्या नंतर गीझर लागणारच नाही, असं त्याने करून ठेवलं होतं. विमलताई बाहेर पडल्या की गोपाळकृष्ण गॅसवर पातेलं तापवायचे आणि भिंत धरत धरत बाथरूमपर्यंत न्यायचे. त्या दिवशी गुडघ्याने दगा दिला.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"मीटर माझ्या नावावर आहे ना. ओटीपी माझ्या फोनवर आला, मी त्याला वाचून दाखवला."

"आणि मला?"

"तो म्हणाला, आईला इतक्यात सांगू नका, उगाच तडकेल. बिल आलं की सरप्राइज देऊ."

विमलताई उठून स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याखाली पातेलं पडलं होतं, सगळीकडे पाणी. त्यांनी फरशी पुसली, पातेलं घासलं, जागेवर ठेवलं.  नवऱ्याची कीव येत होती आणि त्या किवेचाही राग येत होता. दोन पुरुषांनी फोनवर बोलून त्यांच्या घरातलं गरम पाणी बंद केलं होतं, आणि त्या मात्र रोज कोमट पाणी अंगावर घेत गीझरला दोष देत बसल्या होत्या.

त्यांनी यज्ञेशला फोन लावला. वडिलांच्या पायाचं ऐकून तो घाबरला. रविवारी येतोच म्हणाला. डॉक्टर काय म्हणाले, फोड किती आलेत, सगळं त्याने विचारलं. त्या उत्तरं देत राहिल्या. मग म्हणाल्या, "गीझर चालू कर."

"करतो, लगेच करतो. पण आई, बाबांनी नऊपर्यंत थांबायचं ना. एवढी काय घाई होती? तुम्ही दोघं दिवसभर घरीच तर असता."

"मी कुठे असते, यज्ञेश?"

"म्हणजे... तू शेतावर जातेस, माहितीये मला. पण तो तुझा छंद आहे ना. एखादं मशीन दुपारी लावलं, अंघोळ दुपारी केली, तर काय बिघडतं? मी तुमचा वापर पाहिला आई, पहाटे आणि संध्याकाळी एकदम वर जातो. नेमका महाग वेळेत."

"कुठे पाहिलास?"

"ॲपवर दिसतं. तासातासाचं."

विमलताईंनी फोन ठेवला. म्हणजे नवरा पहाटे कधी उठतो, त्या संध्याकाळी कधी घरात शिरतात, अंघोळ कधी करतात, हे ऐरोलीत बसून रेघांत दिसत होतं. आणि इतकं दिसत असूनही त्या दिवसभर घरी नसतात, एवढं मात्र त्याला दिसलं नव्हतं.

त्याच दुपारी जगन येऊन ते पांढरं बटण काढून गेला. दुसऱ्या दिवशी विमलताई वीज कंपनीच्या कार्यालयात गेल्या. काउंटरवरचा तरुण नम्र होता. त्याने नंबर घातला, पडद्याकडे पाहिलं.

"पर्याय तुमच्याकडूनच निवडलेला दिसतोय, मावशी. संमती आहे."

"माझी नाही."

"कनेक्शन काकांच्या नावावर आहे. आणि ॲपला मोबाइल नंबर कुणाचा आहे... यज्ञेश कोण?"

"मुलगा."

"मग त्यालाच सांगा ना. त्याच्या फोनवर दोन मिनिटांचं काम आहे. हल्ली मुलंच करतात सगळं."

"घरात मी राहते," विमलताई म्हणाल्या. "पाणी मला लागतं. दर कोणता घ्यायचा हे त्याला कशाला विचारू?"

तरुणाने मागच्या माणसाकडे पाहिलं. रांग वाढत होती. काकांना घेऊन या, नाहीतर त्यांच्या सहीचं पत्र आणा, असं तो समजुतीच्या सुरात म्हणाला. तो सूर विमलताईंना चांगला ओळखीचा होता. वर्गात रडव्या पोराशी त्या स्वतः तसंच बोलायच्या. गरम पाण्यासाठी त्यांना आपल्याच नवऱ्याची सही हवी होती.  

गडबला धोंडुबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. धोंडुबाई शेंगा चाचपत ऐकत होत्या.

"आमच्या घराला विशालच्या शिफ्टीची सवय हाय," त्या म्हणाल्या. विशाल त्यांचा नातू, नागोठण्याला कंपनीत लागलेला. "त्याची रातपाळी आसली की आमी दुपारी आवाज करीत नाय. मिक्सर बंद, टीव्ही बंद. पर तो सांगून जातो, आजी आज मना झोपायचाय. सांगितलं की होतंय गो बाई. न सांगता केलं की राग येनारच."

"मला राग येतोय तो छंद म्हणाला त्याचा."

धोंडुबाई हसल्या नाहीत. "येऊं द्या रविवारी," एवढंच म्हणाल्या.

रविवारी यज्ञेश आणि अंतरा आले. अंतराने सासऱ्यांच्या पायाची पट्टी बदलली. यज्ञेश वडिलांजवळ बसून राहिला, त्यांचा हात हातात धरून. त्याचे डोळे भरून आले, ते विमलताईंनी पाहिलं. जेवणं होईपर्यंत त्यांनी विषय काढला नाही. ताटं उचलली गेली तसं त्यांनी म्हटलं, "ते ॲप दाखव मला."

त्याने फोन पुढे केला. निळ्या खांबांची रांग होती, काही बुटके, काही उंच.

"हा सकाळचा उंच खांब कुणाचा?"

"गीझर."

"तुझ्या बाबांचे सांधे," विमलताई म्हणाल्या. "आणि हा संध्याकाळचा?"

"पुन्हा गीझर. आणि मिक्सर असेल."

"ही मी आले घरी. आणि मधला हा सगळा दिवस बघ, नुसते बुटके खांब. ते पाहून तुला काय वाटलं?"

यज्ञेश म्हणाला, "वाटलं, स्वस्त वेळ वाया जातेय."

"घरात कोणी नाही, असं नाही वाटलं?"

"आई, मी तुमच्या भल्यासाठीच केलं ना."

"तू घरातल्या विजेचं भलं केलंस. मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या घंटेवर उठले, यज्ञेश. गाडीची घंटा, शाळेची घंटा. तक्रार केली नाही, कारण ती नोकरी मी घेतली होती. आता माझा दिवस कसा घालवायचा हे मी ठरवते. त्याला तू छंद म्हण की आणखी काही. पण त्या दिवसाची मांडणी करायच्या आधी मला विचारायला फोन होता तुझ्याजवळ. त्याच फोनवरून तू गीझर बंद केलास."

"मी म्हटलं होतं याला," अंतरा हळूच म्हणाली, "आईंना आधी विचार म्हणून."

यज्ञेशने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कोपऱ्यातून गोपाळकृष्ण म्हणाले, "चूक माझीही आहे."

"आहेच," विमलताई म्हणाल्या. "तुमच्याशी मी नंतर बोलणार आहे."

यज्ञेशने पुन्हा एकदा समजावून पाहिलं. निदान कपडे धुणं, इस्त्री तरी दुपारी. विमलताईंनी तेही नीट ऐकून घेतलं. पर्याय वाईट नव्हता, हे त्यांना कळत होतं. पावसाळ्यात, शेतात त्यांचं काम नसतं तेव्हा, त्यांनी स्वतःहूनही तो घेतला असता. म्हणूनच राग जास्त होता. चांगली गोष्ट त्यांच्यापासून लपवून त्यांच्यावर लादली होती, आणि आता ती नाकारली तर हट्टी म्हातारी त्याच ठरणार होत्या.

"हिवाळाभर सरसकट दर," त्या म्हणाल्या. "वाल निघाला की पुन्हा पाहू. मी पाहीन. आणि नंबर माझा घाल."

त्याने तिथेच बसून नंबर बदलला. दर मात्र विमलताईंना कार्यालयात जाऊनच बदलून घ्यायचा होता, त्या पत्रावर गोपाळकृष्णांची सही लागली. त्यांनी ती कोणी न सांगता केली. संध्याकाळी निघताना यज्ञेश आईच्या पाया पडला. तो दुखावला होता, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. विमलताईंनी त्याला डब्यात बिरडं दिलं, पण गाडी गल्लीबाहेर पडेपर्यंत फाटकाशी उभ्या राहिल्या नाहीत.

गोपाळकृष्णांशी त्या दोन दिवस मोजकंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "अजून रागावली आहेस?"

"हो. पाय भाजेपर्यंत तुम्ही गप्प राहिलात. त्याला नाही म्हणायला तुम्हाला जड गेलं, मला फसवायला नाही गेलं."

पट्टी निघाल्यावर त्यांनी एक केलं. वीज कंपनीच्या कार्यालयात काठी टेकत जाऊन कनेक्शनवर बायकोचंही नाव लावायचा अर्ज दिला, आणि घरी येऊन सांगितलं. विमलताईंनी ऐकलं, मान हलवली, आणि पाणी प्यायला दिलं.

यज्ञेशचा फोन आता जास्त येतो, आणि प्रत्येक गोष्ट तो विचारतो. टाकीला सेन्सर लावू का, दाराला कॅमेरा लावू का. जानेवारीत असाच फोन आला तेव्हा विमलताई म्हणाल्या, "शनिवारी गडबला ये. शेंगा तोडायच्या आहेत. कॅमेऱ्याचं तिथेच बोलू."

"शनिवारी जरा काम आहे, आई. पण बघतो."

शनिवारी तो आला नाही. विमलताईंनी त्याची वाटही पाहिली नाही. दव सुकायच्या आत त्या आणि धोंडुबाई वेलांत शिरल्या, आणि दुपारपर्यंत दोन पाट्या भरून बांधावर आल्या.