दोन फुटांचं दार

माझी मावशी तीस वर्षं लोकांचे कपडे शिवत होती. तिच्या मुलाने नव्या घराचा नकाशा टेबलावर पसरला, तेव्हा तिने टेप काढून काकांची चाकांची खुर्ची मोजली.

"खुर्ची सव्वीस इंच आणि बाथरूमचं दार चोवीस! बाप काय बाहेर अंघोळ करणार?"

"आई, दार रुंद करून आत खुर्ची वळेल एवढं बाथरूम वाढवलं तर पाहुण्यांची खोली लहान होते," मुलगा पुटपुटला.

मावशीचा पारा चढला. "पाहुणे वर्षातून दोनदा येतात. हा माणूस रोज इथे राहणार आहे!" तिने खडूने पाहुण्यांची खोलीच खोडून टाकली.

नव्या घरात काका एकटेच बाथरूममध्ये गेले आणि कित्येक वर्षांनी त्यांनी आतून कडी लावली. मावशी मात्र अजून धुमसते, "पोटच्या पोराला हे सांगावं लागलं!"