शांत कोपऱ्याचं उद्घाटन

झेंडूच्या हाराचा वास आला की मला अंबडच्या वाचनालयातला तो गोंधळ आठवतो. मी घरातली पहिली पदवीधर झाले ती याच वाचनालयाच्या आधाराने, म्हणून माझ्या स्वमग्न धाकट्या बहिणीलाही तिथे बसता यावं असं मला फार वाटायचं. मोठा आवाज तिला सोसत नाही. मी कित्येक महिने मागे लागल्यावर तिच्यासारख्या मुलांसाठी एक शांत कोपरा मंजूर झाला, आणि त्याच्या उद्घाटनाला वाचनालयाच्या अध्यक्षांनी हलगी बोलावली! वर लाऊडस्पीकर. हलगी दारात कडकडली आणि बहीण कान दाबून टेबलाखाली शिरली. "अहो, हे बंद करा आधी," मी ओरडले. "बंद कसं, ताई? मंग गावाला कळंल कसं?" अध्यक्ष म्हणाले. "पोरीला जल्दी बाहेर काढा, तिचाच सत्कार करून राह्यलो." शेवटी तो हार माझ्याच गळ्यात पडला. सगळे नाश्त्याला गेल्यावर मी वाकून पाहिलं, तर ती टेबलाखालीच पक्ष्यांचं पुस्तक उघडून बसली होती. आता ती रोज येते. अध्यक्षांच्या नावाची पाटी लावलेला कोपरा रिकामाच असतो. ती टेबलाखाली वाचते, आणि खुर्ची ओढणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत राहते, पाय जरा जपून ठेवा.