निम्मं विमान रिकामं

तिकीट काउंटरवर बसलं की तिकिटं खपतात थोडी आणि किस्से साचतात ढीगभर. त्यातून काउंटर ओतूरच्या एसटी स्टँडसमोर, बसणारी नवी सून, आणि तिकिटं विमानाची! स्वस्तातली विमानं नुकतीच निघाली होती, तेव्हाची गोष्ट.

*

लोणीचे एक भाऊ भाडं ऐकून खुर्ची सरकवून उठलेच. "एवढं स्वस्त? वहिनी, खरं सांगा, इंजिन सेकंडहँड हाय ना?"

*

पेठचे जीपवाले त्याहून संशयी. "सीटा रिकाम्या ऱ्हात्यात म्हणून स्वस्त, हे पटलं. पण रिकामं विमान सुटतंच कसं? आमी जीप भरल्याबिगर हलवत न्हाई. ह्यांचा पैसा दुसरीकडूनच येतोय राव!"

*

शेजारशेजारच्या सीटला दोन भाव बघून एक कापडवाले शेठ भडकले. "एसटीचं भाडं सरकार ठरवतं. विमानाचं?"

"कंपनीच ठरवते."

"मग सरकार काय करतं?"

"विमान नीट उडतंय का, ते बघतं."

"म्हणजे बघावं लागतं!" शेठ म्हणाले, आणि रेल्वेचं तिकीट काढायला गेले.

*

माझे सासरे, मामा, कांद्याचे व्यापारी. त्यांना काही समजवावं लागलं नाही. "विमानं जास्त, माणसं कमी. आवक वाढलीय. थांबायचं!"

थांबली होती माझी नणंद, दिल्लीत. पहिलं बाळंतपण, माहेरी यायचं होतं, आणि रेल्वेचा लांबचा प्रवास डॉक्टरांनी नको म्हटलेला. आत्या, म्हणजे सासूबाई, रोज विचारायच्या, "काढलं का तिकीट?" मामा स्क्रीनकडे बघून म्हणायचे, "भाडं अजून उतरतंय."

एक दिवस भाव चढला. रिकामी उडवण्यापेक्षा कंपन्यांनी विमानंच कमी केली होती.

"आपसात ठरवलंय चोरांनी!" मामा ओरडले. "सरकारनं धाड टाकाया पायजे!"

मागच्या कांदाचाळीत आमचा माल भाव चढायची वाट बघत पडला होता.

*

मग एक नवी कंपनी आली आणि भाव धाडकन पडला! मामा धावतच काउंटरवर, मागोमाग आत्या. "काढ पोरीचं तिकीट!"

मी नियम वाचून दाखवला. नणंदेला नववा लागला होता. इतके दिवस भरलेल्या बाईला विमानात घेत नाहीत.

"घेत न्हाईत?" मामांचा विश्वास बसेना. "निम्मं विमान रिकामं ना?"

मामा खाकरले. "बरं, मग आपुनच जाऊ तिकडं. दोघांचं काढ."

आत्यांनी पदर खोचला.

"एकच काढ गं," त्या मला म्हणाल्या. "ह्यांना काय घाई न्हाई."