भागोजीचा भाता

सोनाबाई गेली, पंधरा दिवस झाले. आता बोलायला हरकत न्हाय. तिचा नवरा भागोजी म्हणजे आगरदांड्याच्या लाँचचा डायवर, आणि सुकाणूवर मी, काळूराम. भागोजीच्या शहाणपणानं त्याची पोरगी गेली असं आजही कुणी बोललं की माझं डोकं फिरतं. इतकी वर्षं गप बसलो ते त्याला दिलेल्या शब्दापायी.

मुंबईच्या गॅरेजात भागोजीनं सात वर्षं काढली. तिथं एका साहेबाच्या शर्यतीच्या मोटारीला त्यानं ब्लोअर बघितला, इंजिनात हवा कोंबणारं यंत्र. चौतीस साली तसलाच एक मोडीतला घेऊन आला आणि पट्टा लावून लाँचच्या इंजिनाला जोडला. "काय रं, लोहाराचा भाता लावलास व्हय?" म्हणून लोक हसले. भागोजी म्हणायचा, "चुलीला फुंकर लागती ना? तशी इंजिनाला. हवा भरपूर मिळाली की त्याच इंजिनातनं जोर जास्त." आणि खरंच की! ओहोटीच्या ओढीला तासभर रखडणारी आमची लाँच अर्ध्या तासात खाडीपलीकडच्या दिघीहून परत यायला लागली. फेरी लवकर संपली की तेलही कमी जळायचं. हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. भागोजी भात्याला लेकरागत पुसायचा.

मग पुढल्या सालचा दसरा आला. त्या दिवशी हत्यारं पुजायची, लाँच बंद, आणि मांडलेली पूजा दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायची न्हाय. भात्याच्या तोंडावर एक पितळी जाळी असायची, आत काडीकचरा जाऊ नये म्हणून. भागोजीनं ती काढली, चिंचेनं घासली आणि पान्यांसंगं घरी पाटावर मांडली. सोनाबाईनं लाँचवर येऊन भात्याच्या तोंडालाच झेंडूचा हार घातला.

दुपारी दिघीहून होडीवाला धावत आला. राही अडली होती. भागोजीची एकुलती एक लेक, दिघीला दिलेली, पहिलं बाळंतपण, सुईणीनं हात टेकलेले. तिला इकडं आणून मुरूडच्या डॉक्टराकडं न्यायचं, दुसरा इलाजच न्हवता. आम्ही जेट्टीकडं पळालो, जाळी घरी पाटावरच राहिली. भागोजीनं हाराला हात घातला, तोच मागनं सोनाबाई ओरडली, "अवं, आजच्या दिवशी काढू नका! त्योच माझ्या राहीला सुखरूप आणंल."

भागोजीनं तिच्या तोंडाकडं बघितलं. मग हार नुसता बाजूला सरकवला. मी बी गप बसलो, गाढव साला!

जाताना इंजिन सावकाश होतं, काही झालं न्हाय. राहीला घेऊन फिरलो तर ओहोटी भरात. ती कण्हत होती, "बाबा, लवकर चला." भागोजीनं इंजिन पुऱ्या जोरात सोडलं. खाडीच्या मध्यावर भात्यानं हार आत ओढला. दोरा पात्यांत गुरफटला, भाता अडकला, हवा कोंडली आणि इंजिन बंद पडलं. भागोजीनं बोटं रक्ताळेपर्यंत झेंडू उपसला. लाँच समुद्राकडं वाहत चालली. मी वल्ही मारून मारून मेलो. जेट्टीला लागलो तेव्हा राही थंड पडली होती, पोटातल्या जीवासकट.

उतरण्याआधी भागोजीनं चुरगळलेली फुलं पाण्यात टाकली. म्हणाला, "काळू, हाराचं राहीच्या आईला कळता कामा न्हाय. कधीच न्हाय."

सोनाबाईनं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "माझा भाता नडला." दुसऱ्या दिवशी त्यानं तो काढून सगळ्यांदेखत खाडीत फेकला. लाँच पुन्हा रखडू लागली. लोक नको नको ते बोलले. सोनाबाई वर्षभर त्याच्याशी बोलली न्हाय. पुढं बोलायला लागली तरी मधनंच म्हणायची, "तुमच्या भात्यानं माझी राही नेली." तो म्हणायचा, "व्हय."

चार वर्षांनी भागोजी तापानं गेला. शेवटच्या दिवशी मी पायथ्याशी बसलो होतो. सोनाबाईनं त्याला चमच्यानं पाणी पाजलं, कपाळावरनं हात फिरवला आणि म्हणाली, "भात्याचं आता मनात ठेवू नका. मी तुम्हांला माफ केलं."

भागोजीनं दोन्ही हात जोडले. मी उठून बाहेर गेलो आणि ढसाढसा रडलो.