बिनडोळ्यांचा पाहुणा

आखणीकाकांना वाकून नमस्कार केला, की आशीर्वादाआधी प्रश्न यायचा. "रगत तांबडं, मग शीर हिरवी का गो दिसते?" मी रोह्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते, म्हणजे मला सगळं ठाऊक असणारच, अशी या माझ्या सख्ख्या काकांची ठाम समजूत. मी बिनधास्त थापा मारायचे. त्या त्यांना कळायच्या आणि पुढचा प्रश्न यायचा.

पेणजवळच्या जोह्याच्या मूर्ती-कारखान्यात ते गणपतीचे डोळे रेखायचे. त्यालाच आखणी म्हणतात. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरून फिरवायची जुनी खोड. काकी ओरडली की म्हणायचे, "रंग पोटात गेला तर आतला मानूस रंगीत व्हईल."

मग काकांना रक्ताचा कॅन्सर झाला. औषधांनी अंगातली प्रतिकारशक्ती पार आटली आणि ताप हटेना. पेणच्या डॉक्टरांनी टू-डी इको केला, तर हृदयाच्या झडपेवर जंतूंचा गठ्ठा. जंतूही असा दुर्मीळ, की नाव शोधायला नमुना मोठ्या लॅबकडे पाठवावा लागला. नाव कळल्याशिवाय नेमकं औषध ठरेना. मी दिवसातून तीनदा त्या लॅबला फोन करायचे. काकांचं भलतंच. "दाखव तरी, कोन आलाय ऱ्हायला!"

पेणच्या लॅबमधल्या मैत्रिणीकडून मी सूक्ष्मदर्शकातला फोटो मागवला. काकांनी चष्मा पुसला, मोबाइल उलटसुलट फिरवला.

"याला डोळं नायत गो! मग माझं काळीज गावलं कसं?"

रक्त नेईल तिकडे तो जातो, मी म्हटलं. तोंडातल्या जखमेतूनही शिरला असेल.

"म्हंजे ब्रशानं आनला?"

"नक्की नाही सांगता येत, काका." या वेळी थाप सुचलीच नाही.

नाव कळलं, औषध बदललं, ताप उतरला. पण झडप कुरतडली गेली होती. ती बदलावी, तर कॅन्सरमुळे रक्त गोठेना. शस्त्रक्रियेला कुणी तयार होईना. शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी मशीनचा पडदा काकांकडे वळवला. फाटकी झडप फडफडत होती. काका पडद्याजवळ सरकले.

"जल्मापासून उघडमीट करते बिचारी," ते म्हणाले. "हिला मी कंदी कायच इचारलं नाय."

त्याच आठवड्यात काका गेले. लॅबमध्ये त्या जंतूचं नाव मी अजून तोंडाने घेत नाही. माझा त्याच्यावरचा राग गेलेला नाही. काकांना तो कधी आलाच नव्हता.