परातीतला देव

महादेवप्पाचे दोन्ही हात थरथरायचे, पण उजव्याचं त्याला फारसं वाईट वाटत नसे. दुःख होतं ते डाव्याचं. रोज सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, आणि त्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, ही त्याच्या लिंगायत घरची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. दारूच्या वर्षांत पट्ठ्यानं घास सोडला नाही, पूजा तेवढी सोडली. लिंग आपलं गळ्यातल्या वस्त्रात बांधलेलं असे, आणि गळ्याचा मालक गुत्त्यावर आडवा.

सोलापुरात मिलच्या चाळीत एका खोलीत तो आणि त्याची बायको नागम्मा राहत. माणूस मागावरचा. तुटलेला धागा असा जोडायचा की गाठ डोळ्याला दिसू नये. पुढं हातांनी दगा दिला आणि मुकादमानं त्याच हातांत झाडू दिला. तरी पिणं सुटलं नाही. सुटलं ते भीतीनं. गुत्त्यावरचा त्याचा जोडीदार तिप्पण्णा दिवाळीच्या सुमाराला कसलीतरी हातभट्टीची प्यायला, आणि सकाळी उठून बायकोला विचारू लागला की अजून उजाडलं कसं नाही. ऊन तेव्हा उंबऱ्यावर आलं होतं. तिप्पण्णाला ते पुन्हा कधी दिसलं नाही.

महादेवप्पानं त्या दिवसापासून थेंब घेतला नाही. अंगाला घाम फुटायचा, रात्री भिंतीवर किडे चालताना दिसायचे. चाळीतले लोक म्हणाले, नव्याचे नऊ दिवस. लोकांचं काय जातं म्हणायला! नागम्मा मात्र उशाशी बसून राहिली. आणि अंग जरा सावरल्यावर या माणसाला एक निराळंच वेड लागलं. तो बघत बसायचा. मुंग्यांची रांग बघायचा, पाळी सुटल्यावर कामगारांच्या केसांत अडकलेला कापूस बघायचा, कवाडाच्या फटीतून आलेल्या उन्हात नाचणारी धूळ बघून तोंडाचा आ करायचा. एवढं सगळं रोज इथंच होतं, आणि आपण कुठं होतो?

फाल्गुनात, सोडलेली पूजा पुन्हा धरायच्या पहिल्याच दिवशी, त्यानं एक चूक केली. देवाशी पैज लावली. आज देव तळहातावर टिकला तर मी माणसात आलो, नाही टिकला तर मी त्याला नको आहे, असं मनाशी ठरवून तो अंघोळ करून बसला. शेजारी नागम्मा परातीत पीठ मळायला बसली होती. दुष्काळात दोन वर्षं रेशनची तांबडी परदेशी ज्वारी, मिलो, खाल्ल्यावर घरात प्रथमच पांढरीशुभ्र ज्वारी आली होती. महादेवप्पानं लिंग तळहातावर ठेवलं आणि हात हलू नये म्हणून उजव्या हातानं मनगट घट्ट आवळलं. जेवढं आवळावं तेवढा हात जास्त उडायचा. शेवटी लिंग उसळलं आणि थेट परातीत, पिठात जाऊन पडलं.

तो उठला, अंगात सदरा अडकवला आणि गुत्त्याच्या वाटेला लागला. निकाल लागला होता. बोळाच्या तोंडाशी ओळखीचा आंबूस वास आला, आणि तिथंच कुणाच्या तरी तव्यावरची भाकरी भाजल्याचा वासही आला. पोटात काहीतरी हललं. हे काय, ते त्याला आधी कळेना. मग कळलं आणि तो रस्त्यात उभाच राहिला. त्याला भूक लागली होती. किती वर्षं सकाळ म्हणजे नुसती मळमळ आणि कडू पाणी होती. भूक, पोरासोरांना लागते तशी साधी खणखणीत भूक, आपल्यालाही लागू शकते, याचं त्याला इतकं नवल वाटलं की पाय आपसूक मागं वळले.

घरी नागम्मानं लिंग धुऊन कोनाड्यात बेलाच्या पानावर ठेवलं होतं. पीठ टाकलं नव्हतं. त्याच पिठाच्या भाकऱ्या चालल्या होत्या. त्याला दारात बघून तिनं तव्यावरची भाकरी उतरवली. नुसतं म्हणाली, ‘‘ऊटा माडरी. जेवा.’’

‘‘पूजेबिगर?’’

‘‘देव आदी जेवला की पिटात,’’ नागम्मा म्हणाली. ‘‘आता तुमी जेवा.’’

तिनं गरम भाकरी त्याच्या डाव्या हातावर ठेवली, तिच्यावर शेंगाची चटणी, चटणीत बोटानं खळगा करून त्यात तेल. तो खाऊ लागला. ज्वारी गोड असते हे तो विसरूनच गेला होता. अर्धी भाकरी संपल्यावर त्याची नजर त्या तेलावर गेली आणि घास तोंडातच राहिला.

‘‘नागम्मा, तेल बघ.’’

तिनं बघितलं. तेल हलत नव्हतं. त्यात कवाडाचा उजेड स्थिर उभा होता. नागम्मानं पदर डोळ्यांना लावला, आणि मग, हात धुऊन पूजेला बसा, म्हणाली.

या खेपेला त्यानं मनगट आवळलं नाही. भाकरी धरतात तसा हात मोकळा पुढं केला. नागम्मानं लिंग त्यावर ठेवलं. हात जरासा थरथरला, थरथरू दिला, देव बसून राहिला. त्या काळ्या तकतकीत लिंगात एवढंसं कवाड दिसत होतं, कवाडात ऊन, आणि उन्हात भाकरी उलटणारी नागम्मा. महादेवप्पा किती तरी वेळ बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले तरी त्यानं ते मिटले नाहीत.

पूजा झाल्यावर त्यानं एक भाकरी फडक्यात बांधली आणि तो तिप्पण्णाकडे निघाला. ती किती पांढरी आहे, हे तिप्पण्णाला कुणीतरी सांगायला हवं होतं.