शनिवारी घाणा बंद

वडवणीत बदली होऊन आले तेव्हा माझी मुलगी सात वर्षांची होती आणि मुलगा चार. मी इथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर. नवरा रोज बीडला बँकेत जातो. आम्ही बेने इस्राईल, म्हणजे रायगडकडचे मराठी ज्यू. घरमालकाने हे नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे ख्रिश्चनच ना?" शाळेच्या क्लार्कने धर्माच्या रकान्यात 'यहुदी' दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं आणि शेवटी 'इतर' लिहून मोकळा झाला. या दोघांबद्दल माझी तक्रार नाही. अज्ञान चालतं मला. कौतुक चालत नाही.

कौतुक करायचं काम मुख्याध्यापकांनी अंगावर घेतलं होतं. हा माणूस दिवसभर मोबाइलवर इस्राईलच्या लढाया बघायचा आणि आम्ही कोण ते कळल्यापासून मला गेटवर सलाम ठोकायचा. गॅदरिंगच्या आधी मुलीच्या वहीत चिठ्ठी आली : लष्करी गणवेश, काळा चष्मा, प्लास्टिकची बंदूक. मी दवाखान्यातून तशीच, शेणाने माखलेले बूट घालून, शाळेत गेले.

"बसा मॅडम," ते खुशीत म्हणाले. "तुमची लेक इस्राईलची कमांडो. टाळ्याच टाळ्या. समोर दोन अतिरेकी ठेवलेत. गॅरेजवाल्याचा पोरगा हाय ना तिच्या वर्गात, तो एक."

"त्याने काय करायचं?"

"काय न्हाई, पडायचं."

आमच्या शेजारच्या मुसलमान घरातला सात वर्षांचा तो मुलगा आठवड्यातून तीनदा माझ्या घरी भात खायला असायचा. मुख्याध्यापकांच्या तोंडावर मात्र निरागस आनंद होता, बोराची पिशवी सापडलेल्या पोरासारखा. माणूस दुष्ट असता तर मी त्याला थोडा मान तरी दिला असता.

"सर, आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी बंदूक धरली नाही," मी म्हटलं. "तेलाचा घाणा होता आमचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं."

त्यांचा चेहरा पडला. "तेली?" ते म्हणाले, "मग ओबीसीत का घेतलं न्हाई नाव?"

शेवटी ठरलं की मुलगी बंदूक न घेता चार वाक्यं बोलेल आणि पडापडी रद्द. गॅरेजवाल्याला मी यातलं काही सांगितलं नाही. त्याला उगाच वाईट वाटेल असं मनाशी म्हटलं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती, आणि थोडी भीतीही.

घरी मुलगी दोन दिवस रडली. तिला बंदूक हवी होती. मग मी तिला खऱ्या गोष्टी सांगायला घेतल्या. त्या शोधताना कळलं की माझ्याकडे फार नाहीत. आजी मलिदा करायची, पोहे-गूळ-खोबऱ्याचा, त्यावर पाच फळं मांडून. तेवढं आठवत होतं. प्रार्थनेचे हिब्रू शब्द पाठ होते, अर्थ ठाऊक नव्हता. तरी शुक्रवारी मलिदा केला, सीताफळं धारूरची आणली. मुलाने खोबरं वेचून खाल्लं आणि पोहे कपाटामागे टाकले. मुलगी मात्र एकेक शब्द टिपत होती.

"शनिवारी पणजोबा काहीच करायचे नाहीत?"

"काहीच नाही. बैलसुद्धा सुटा."

"कुणी रागावलं तर?"

"रागावू दे. शनिवार म्हणजे शनिवार."

किती रुबाबात बोलले मी.

गॅदरिंगला ती नऊवारी नेसून उभी राहिली आणि न अडखळता बोलली. आमचे पणजोबा तेल काढायचे. शनिवारी घाणा बंद. बैलालाही सुट्टी. आम्ही मराठी आहोत. मग मुख्याध्यापकांनी माइक ओढून इस्राईलच्या सैन्याचा जयजयकार केला, आणि मांडव फुटेस्तोवर टाळ्या पडल्या. पालक आधी गोंधळले होते. आता कुठे टाळी वाजवायची ते त्यांना समजलं. मला त्या सगळ्यांची किळस आली, आणि किळस येतेय याचं थोडं बरंही वाटलं.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा होती. मुलगी उठेना.

"आज घाणा बंद," ती पांघरुणातून म्हणाली.

मी आधी हसले. दवाखान्यात दोन म्हशी येणार होत्या, उशीर होत होता. मग म्हटलं, ते जुन्या काळी होतं.

"तू म्हणालीस, कुणी रागावलं तरी."

"डोकं खाऊ नकोस. ऊठ."

"मग तू का जातेस कामाला? तू मला स्टेजवर खोटं बोलायला लावलंस?"

अकरा वर्षं मी शनिवारी नोकरी केली आहे आणि मला एकदाही काही वाटलं नव्हतं. मी ओरडले. शाळा बुडवायची नाही, लोक काय म्हणतील, सर काय म्हणतील, जे जे तोंडात आलं ते. तिला ओढत वेणी घातली, बूट चढवले आणि स्कूटीवर बसवलं.

गेटवर मुख्याध्यापक उभे होते. त्यांनी मला सलाम ठोकला. मुलीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघून म्हणाले, "काय झालं बेटा, कामून रडली?"

"काही नाही, कंटाळा करत होती," मी म्हणाले. त्यांना ते पटलं. आम्ही दोघांनी मिळून तिला आत घातलं.